छोट्या हॉलमध्ये ड्रम किटला किती माईक लावायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आमचा ५ जणांचा बँड आहे. ६०-८० माणसं बसतील अशा जागांत आम्ही वाजवतो. १२ इंची दोन ॲक्टिव्ह स्पीकर आहेत. मिक्सरला माईकचे ८ चॅनल आहेत, त्यातले ५ गाणं, बेस, गिटार आणि कीबोर्डमध्ये जातात. ड्रम नीट ऐकू येत नाहीत अशी लोकांची तक्रार होती, म्हणून ७ माईकचा ड्रम सेट घेतला, ड्रमसाठी वेगळा छोटा मिक्सर लावला आणि त्याचं आउटपुट मोठ्या मिक्सरच्या एका चॅनलला दिलं. तरीही किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐकू येत नाही, सिंबल (धातूच्या थाळ्या) कानात घुसतात, स्नेअर (मधला खणखणीत ड्रम) पोकळ वाटतो आणि मध्येच टॉममधून (बाकीच्या ड्रममधून) 'घूंऽऽ' सुरू होतं. किती माईक लावायचे आणि कुठे? सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) घ्यावाच लागेल का? आणि ड्रमरला मॉनिटर (त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून लावलेला स्पीकर) हवा आहे, त्यात काय द्यायचं?"

नमस्कार,

पुढच्या कार्यक्रमाला ७ पैकी ५ माईक पेटीतच राहू द्या. किकला एक लावा, स्नेअरला एक. ड्रमसाठीचा दुसरा मिक्सरही नको. मोठ्या मिक्सरवर तुमचे ३ चॅनल मोकळे आहेत, तेवढे पुरतात.

६०-८० माणसांच्या खोलीत स्नेअर आणि सिंबल कुठल्याही मदतीशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्तच. पोचत नाही ती किक. "ड्रम ऐकू येत नाहीत" असं लोक म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्यांना किकचा ठोका सापडत नसतो. छोट्या जागेत सगळ्या आवाजाची पातळी अशी एकच गोष्ट ठरवते जिला फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) नाही, ती म्हणजे ड्रमरने मारलेला स्नेअर आणि क्रॅश (जोरात वाजणारी मोठी सिंबल). बाकी सगळं, म्हणजे गाणं, बेस, कीबोर्ड आणि किक, त्या पातळीपर्यंत वर आणणं एवढंच स्पीकरचं काम. जो माईक सिंबल आणखी वाढवतो, तो हे काम अवघड करतो. छोट्या कार्यक्रमात किट 'मोठं' करायचं नसतं, त्यात जे कमी पडतंय तेवढंच भरायचं असतं. तुमच्या प्रश्नांची उत्तरं याच हिशेबाने देतो आहे.

७ माईकनी नेमकं काय बिघडवलं ते आधी बघू. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की फीडबॅक (स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून सुरू होणारी शिट्टी) येण्याआधी आवाज वाढवायला मिळणारी जागा साधारण ३ डीबीने (डेसिबलने) कमी होते. एका माईकऐवजी ८ उघडे असले तर ९ डीबी गेले. म्हणजे गायिकेचा माईक जेवढा वर न्यायला हवा तेवढा जातच नाही. टॉमचं 'घूं' याच कुटुंबातलं आहे. टॉमचं हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) स्पीकरच्या आवाजाने थरथरतं, वरचा माईक ते उचलतो, स्पीकर तेच परत देतो आणि ड्रमरने हात न लावता टॉम वाजत राहतो.

स्नेअर पोकळ होण्याचं कारण वेगळं आहे आणि ते आकड्यांत दिसतं. तुमचा ओव्हरहेड (किटच्या वर लावलेला माईक) स्नेअरच्या वर अंदाजे १ मीटरवर असणार आणि स्नेअरचा माईक हेडपासून ५ सेंटीमीटरवर. म्हणजे तोच ठोका दोन माईकपाशी ९५ सेंटीमीटरच्या फरकाने पोचतो. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, तेव्हा हा फरक २.८ मिलिसेकंदांचा झाला. दोन्ही चॅनल सारख्या पातळीवर मिसळले की १८० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खोडतात, मग पुन्हा ५४० ला, ९०० ला. स्नेअरचं अंग नेमकं १८०-२०० हर्ट्झमध्ये असतं, त्यामुळे माईक जास्त लावूनही स्नेअर बारीक झाला. ईक्यूने (मिक्सरवर ठराविक सूर कमी-जास्त करायच्या सोयीने) १८० हर्ट्झ कितीही वाढवा, जे खोडलं गेलंय ते परत येत नाही. ओव्हरहेड बंद केला की स्नेअर लगेच भरतो. स्वतः करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन मिक्सरच्या साखळीतली गोम अशी: पहिल्या मिक्सरवर आवाज लाल दिव्यापर्यंत जाऊन फाटला असेल तर दुसऱ्यावर फेडर खाली ओढून उपयोग नाही, फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो. कधी अशी साखळी करायचीच वेळ आली तर पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या लाइन इनपुटला द्या, माईक इनपुटला नाही, आणि गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) पहिल्या मिक्सरवरच नीट लावून घ्या.

माईक लावण्याआधी किटकडे अर्धा तास द्या. वाईट जुळलेला टॉम माईकने वाईटच ऐकू येतो, फक्त मोठ्याने. हेडवर मधोमध खड्डा पडला असेल किंवा लेप उडाला असेल तर ते बदला. लग (हेड ताणणारे काठावरचे स्क्रू) आधी बोटाने घट्ट होतील तेवढे फिरवा, मग चावीने समोरासमोरचे लग अर्धा-अर्धा फेरा घेत जा आणि प्रत्येक लगपासून दोन बोटं आत काठीने हलकं ठोकून सगळीकडे सूर सारखा येतो का ते ऐका. स्नेअर फार घुमत असेल तर काठाजवळ ड्रमसाठी मिळणाऱ्या चिकट जेलचा एक छोटा तुकडा पुरे होतो. चार चिकटवले की ठोक्याचा जीव जातो. किकमध्ये घडी केलेला टॉवेल किंवा हलकी उशी दोन्ही हेडना जेमतेम टेकेल अशी ठेवा. पोतंभर कापड कोंबलं तर पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाजतं आणि बीटर (पेडलचा हेडवर आपटणारा भाग) उसळून येत नाही, ड्रमरचा पाय थकतो. पेडलची स्प्रिंग, सैल झालेला टॉम होल्डर, सिंबल स्टँडची पंखी यांतलं जे काही खडखडतं ते आत्ताच आवळा किंवा थेंबभर तेल घाला. किटखाली साधारण २ मीटर बाय २ मीटरची सतरंजी किंवा कार्पेट हवंच. ते नसेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत किक पुढे सरकते आणि नीट लावलेला माईक जागा सोडतो.

आता किकचा माईक. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण इतक्या छोट्या जागेत ड्रमच्या माईकपैकी खरं काम हाच करतो. शूअर बीटा ५२ए, एकेजी डी ११२, ऑडिक्स डी ६ हे किकसाठीच केलेले डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारे) माईक आहेत, जोरदार ठोका सहज झेलतात. डी ६ चा आवाज जन्मतःच कोरलेला असतो, मधला भाग कमी आणि ठोका व तळ पुढे, त्यामुळे ज्या मिक्सरवर ईक्यू जेमतेम आहे तिथे तो सोयीचा पडतो. तुमच्या सेटमधला किकचा माईक यांच्याइतका चांगला नसेलही, पण जागा बरोबर असेल तर तो चालेल.

पुढच्या हेडला ४-५ इंचांचं भोक असेल तर माईकचं डोकं भोकातून ५ ते १० सेंटीमीटर आत न्या आणि बीटर जिथे आपटतो त्या जागेच्या थोडं बाजूला रोखा. बीटरच्या जवळ नेलात की 'टक' वाढते आणि तळ कमी होतो. मागे आणलात की तळ वाढतो. फक्त भोकाच्या तोंडावर ठेवू नका. प्रत्येक ठोक्याला तिथून हवेचा झोत बाहेर येतो आणि माईकमध्ये 'फप्' होतं. एका वेळी ३-४ सेंटीमीटर सरकवा, ड्रमरला एकाच जोराने मारत राहायला सांगा आणि खोलीच्या मध्यावर उभं राहून ऐका. किटजवळ उभं राहून किक कधीच कळत नाही.

भोक नसेल तर घाईने कापू नका. पुढच्या हेडपासून ५-८ सेंटीमीटरवर, मधोमध न ठेवता थोडा कडेला माईक लावा. ठोका कमी वाटला तर बीटर बदलून बघा, फेल्टपेक्षा प्लास्टिकच्या किंवा लाकडी बाजूने 'टक' स्पष्ट येते. पुढचं हेड पूर्ण काढणारेही आहेत. तसं केलं तर त्या बाजूचे हुक आणि स्क्रू उतरवून ठेवा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला ते वाजतात आणि माईकमध्ये सगळं ऐकू येतं.

स्टँड बुटका घ्या, त्याचे पाय कार्पेटवर असू द्या म्हणजे किट हललं तरी माईक सोबत हलेल. केबलचा एक वेढा स्टँडला देऊन टेपने बांधा. कोणाचा पाय अडकलाच तर ओढ स्टँडवर येते, माईकवर नाही.

गेन लावताना ड्रमर साउंडचेकला हळू मारतात आणि कार्यक्रमात जोरात, हे गृहीत धरा. त्याला शेवटच्या गाण्यातल्या जोराने २० सेकंद मारायला सांगा. चॅनल सोलो करून (एकटाच निवडून) ॲनालॉग मिक्सरवर ठोके शून्याच्या जरा वर जातील, डिजिटलवर उणे १२ डीबीच्या आसपास राहतील इतकाच गेन ठेवा. गेन पूर्ण खाली नेऊनही लाल दिवा लागत असेल तर पॅडचं (आत येणारा आवाज एकदम खाली आणणारं) बटण दाबा.

ईक्यूमध्ये किकला आधी काढून टाका, मग वाढवा. ३०० ते ४०० हर्ट्झमध्ये ५-६ डीबी कमी केले की डबा वाजल्यासारखा आवाज जातो, आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावरच काम होतं. मग हवं तर ६०-७० हर्ट्झला ३ डीबी आणि ३ ते ४ किलोहर्ट्झला ३ डीबी. ॲनालॉग मिक्सरवर 'लो कट' नावाचं जे बटण असतं ते बहुधा ७५ ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. ते स्नेअरला, गाण्याला, गिटारला दाबा. किकला आणि बेसला चुकूनही नाही. तुमची किक ऐकू न येण्याचं कारण एवढंसंच निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. बेस गिटार आणि किक एकाच जागी भांडत असतील तर किकला ६० च्या आसपास ठेवा आणि बेसचं अंग १०० च्या वर आणा, किंवा उलट. कोण खाली राहणार ते बेसवादकाबरोबर बसून आधीच ठरवा.

गेट (दोन ठोक्यांमधला आवाज आपोआप खाली नेणारी सोय) असेल तर किकला लावायला हरकत नाही. अटॅक सगळ्यात जलद, होल्ड १०० मिलिसेकंद, रिलीज १५०-२००. पूर्ण बंद होणारं गेट ठेवू नका. १०-१५ डीबीच खाली जाईल असं ठेवा, म्हणजे हळू मारलेला ठोका गिळला जात नाही.

स्नेअरसाठी शूअर एसएम ५७ किंवा तुमच्या सेटमधला तसाच माईक. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी सिंबलची जोडी) आणि पुढच्या टॉमच्या मधून आत आणा. रिमच्या (ड्रमच्या धातूच्या कड्याच्या) २-३ सेंटीमीटर वर, काठाच्या तेवढाच आत, हेडच्या मध्याकडे तिरका. महत्त्वाची गोष्ट अशी की माईकची पाठ हाय-हॅटकडे असली पाहिजे. कार्डिऑइड माईक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो, तर सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा मागे नसून पाठीच्या दोन्ही अंगांना, समोरच्या दिशेपासून सुमारे १२६ अंशांवर असते. माईकच्या माहितीपत्रकात कुठला प्रकार आहे ते पाहा आणि हाय-हॅट त्या बहिऱ्या जागेत येईल असं फिरवा. माईक हाय-हॅटच्या काठाच्या पातळीत नको. हाय-हॅट बंद होताना दोन पत्र्यांमधून हवा फुटते आणि 'छप्' असा आवाज येतो. काठी माईकला लागत असेल तर माईक रिमबाहेर न्या. ड्रमरला हात बदलायला सांगू नका, तो आवाज त्याच्या हातातच आहे.

स्नेअरला ८०-१०० हर्ट्झखाली कापा. अंग हवं असेल तर २०० हर्ट्झ किंचित वाढवा, घुमणं असेल तर ४०० ते ८०० मध्ये शोधून कमी करा. वरचे ५-८ किलोहर्ट्झ वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने स्नेअरपेक्षा हाय-हॅटच जास्त वाढतो. कंप्रेसरही तेच करतो: ठोका दाबतो, मागून लेव्हल वाढवली की हाय-हॅट वर येतो. या आकाराच्या खोलीत स्नेअरला कंप्रेसर न लावलेलाच बरा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) लावायचा असेल तर १ सेकंदाचा, जेमतेम जाणवेल इतका; खोलीचा स्वतःचा असतोच.

एवढं करूनही किट कोरडं, तुकड्यातुकड्यांत वाटलं तर तिसरा चॅनल वापरा, पण सिंबलच्या वर माईक लावून नाही. ड्रमरच्या उजव्या गुडघ्याच्या पुढे, किकच्या मागच्या कड्याच्या वर, पुढचा टॉम आणि फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा असलेला मोठा टॉम) यांच्यामध्ये एक माईक ठेवा आणि तो स्नेअरच्या दिशेला रोखा. डावखुरा ड्रमर असेल तर उलट बाजूने. ही जागा सिंबलच्या खाली असल्यामुळे टॉम आणि स्नेअर भरपूर येतात, सिंबल बेताचे. काठ्या आणि पेडल यांच्यापासून सुरक्षित आहे ना ते ड्रमरला सगळीकडे फिरून वाजवायला लावून बघा. हा माईक १०० हर्ट्झखाली कापा आणि किक-स्नेअरच्या बराच खाली मिसळा. टॉमचे वेगळे माईक मग लागतच नाहीत. एखाद्या गाण्याची सुरुवातच फ्लोअर टॉमवर असेल तर या माईकऐवजी फ्लोअर टॉमला क्लिपचा माईक लावा, रिमपासून दोन बोटं वर, मध्याकडे बघणारा.

दोन किंवा तीन माईक उघडे असताना पोलॅरिटी (सिग्नल सुलटा आहे की उलटा) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. किक चालू ठेवा, स्नेअरचा चॅनल उघडा, ड्रमरला दोन्ही एकत्र वाजवायला सांगा आणि स्नेअरच्या चॅनलवरचं गोलावर तिरकी रेघ असलेलं बटण दाबा-सोडा. ज्या बाजूला तळ भरलेला वाटतो ती बरोबर. मग तिसरा माईक उघडून पुन्हा तेच. छोट्या ॲनालॉग मिक्सरवर हे बटण बहुधा नसतं. त्यासाठी हातभर एक्सएलआर (माईकची तीन पिनांची) केबल घेऊन तिच्या एकाच टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिनांच्या तारा अदलाबदल करून जोडून घ्या आणि तिला लाल टेप गुंडाळा, म्हणजे ती साध्या केबलमध्ये मिसळणार नाही. ज्या चॅनलला गरज असेल त्याच्या मध्ये ती लावायची. स्नेअरला खालूनही माईक लावायची वेळ कधी आलीच तर खालच्याची पोलॅरिटी उलटी करायची, कारण काठी पडली की वरचं हेड वरच्या माईकपासून दूर जातं आणि खालचं हेड खालच्या माईककडे येतं.

सबवूफर घ्यावा लागेल का? कॅफेसारख्या बसक्या जागेत, शांत गाण्यांना, नाही. नाचायला लावणारं संगीत असेल तर हो, आणि माईकवर आणखी खर्च करण्याआधी तोच घ्या किंवा भाड्याने आणा. २२ इंची किकचा मूळ सूर साधारण ५० ते ७० हर्ट्झमध्ये असतो. १२ इंची स्पीकर कागदोपत्री तिथपर्यंत जातात, पण गाणं, बेस, कीबोर्ड आणि किक हे सगळं एकदम ढकलायला त्यांच्यात ताकद उरत नाही. लिमिटरचा (स्पीकरला मर्यादेपलीकडे जाऊ न देणाऱ्या सोयीचा) दिवा प्रत्येक किकला लुकलुकत असेल तर किकसोबत गायिकेचा आवाजही प्रत्येक ठोक्याला दबतो आहे असं समजा.

सब मिळेपर्यंत ६० हर्ट्झ वाढवणं सोडा. ४५-५० च्या खाली कापा, ९० ते ११० हर्ट्झमध्ये २-३ डीबी द्या आणि ३-४ किलोहर्ट्झची 'टक' नीट ठेवा. ठोक्याची सुरुवात कानाला स्पष्ट मिळाली की ताल हरवत नाही, आणि स्पीकरलाही हे झेपतं.

सब आणलात तर १५ किंवा १८ इंची एक पुरेल. क्रॉसओव्हर (सब आणि वरच्या स्पीकरमधली सुरांची हद्द) ९०-१०० हर्ट्झ ठेवा आणि वरच्या स्पीकरनाही तिथेच खालून कापा. पोकळ लाकडी स्टेजवर सब ठेवू नका. फळ्या थरथरतात, तो थरकाप स्टँडमधून किकच्या माईकमध्ये जातो आणि एक लांबलचक खालचा घुमार सुरू होतो जो कुठून येतोय ते लवकर कळत नाही. सब जमिनीवर, भिंतीला लागून ठेवा. दोन असतील तर ते दोन कोपऱ्यांत न ठेवता शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे मधोमध तळ जास्त आणि बाजूला गायब असं होत नाही. मग बेसवादकाला १०० हर्ट्झच्या आसपासचा एक सूर, म्हणजे चार तारांच्या बेसच्या ए तारेवर दहाव्या पट्टीचा जी, लांबवर धरायला सांगा आणि सबवरचं पोलॅरिटीचं बटण बदलून बघा. जास्त भरलेला वाटेल ते ठेवा. शक्य असेल तर मिक्सरच्या एका ऑक्झिलरीतून (निवडक चॅनल पाठवायच्या वेगळ्या आउटपुटमधून) सबला फक्त किक आणि बेस द्या. गायिकेच्या माईकमध्ये शिरलेली किटची धडधड मग सबमध्ये जातच नाही, आणि आवाज किती स्वच्छ होतो ते तुम्हाला पहिल्याच गाण्यात कळेल.

खोलीही या खेळात भाग घेते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५ मीटर अंतर असेल तर ३४ आणि ६९ हर्ट्झला खोली स्वतः घुमते. ३४३ ला अंतराच्या दुपटीने भागा, पहिला आकडा मिळेल; त्याच्या पटीत पुढचे. तुमची किक ६५-७० ला असेल तर अशा खोलीत एका जागी ती पोटात बसते आणि चार पावलांवर नाहीशी होते. डिजिटल मिक्सर असेल तर त्या आकड्यावर अरुंद ४-५ डीबी काढा. नसेल तर किकचं मागचं हेड पाव फेरा वर-खाली करून सूर तिथून हलवा. हा उपाय फारसे लोक करत नाहीत, पण त्याला पैसे लागत नाहीत.

डिजिटल मिक्सरवाल्यांसाठी आणखी एक. किट स्पीकरच्या २ मीटर मागे असेल तर मुख्य आउटपुटला ६ मिलिसेकंद डिले (उशीर) द्या. किटचा खरा आवाज आणि स्पीकरमधला आवाज मग एकाच वेळी पोचतात आणि स्नेअरचा दुहेरी ठोका जातो.

साउंडचेकचा क्रम उलटा करा. बहुतेक ठिकाणी किकपासून सुरुवात होते आणि गाणं शेवटी येतं. छोट्या जागेत आधी ड्रमरला एकही माईक न उघडता नेहमीच्या जोराने वाजवू द्या आणि त्याच्यावर गाणं आणा. गाणं फीडबॅकशिवाय ड्रमच्या वर येत नसेल तर उपाय मिक्सरवर नाही. जाड काठ्यांऐवजी बारीक काठ्या किंवा रॉड्स (पातळ काड्यांची जुडी), मोठ्या क्रॅशऐवजी पातळ आणि लहान क्रॅश, किट मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर आणणं, किटमागे जाड पडदा, यांतलं काहीतरी करावं लागेल. गायिकेला किटच्या बरोबर पुढे उभं करू नका. तिचा माईक तिच्या तोंडासोबत मागचे सिंबलही उचलतो, आणि लोकांना चावणारे सिंबल बऱ्याचदा ड्रमच्या माईकमधून येतच नसतात, ते गाण्याच्या माईकमधून येतात. तिला दोन पावलं बाजूला सरकवा आणि ती गात नसताना तिचा चॅनल ७-८ डीबी खाली घ्या. गाणं बसलं की बेस, मग किक बेसइतकी, मग बाकी वाद्यं, आणि सगळ्यात शेवटी स्नेअर. स्नेअरचा फेडर अजून तळाशीच असताना किट पूर्ण वाटू लागलं तर तो तिथेच राहू द्या. शेवटच्या रांगेत जाऊन एक अख्खं गाणं ऐका. रिकाम्या खोलीत सिंबल जास्त चावतात. माणसं भरली की वरचा आवाज शोषला जातो, खालचा तसाच राहतो. त्यामुळे रिकाम्या खोलीत किक थोडी कमीच ठेवा आणि गरज वाटली तरच पहिल्या गाण्यात वाढवा.

केबल जोडताना-काढताना चॅनल म्यूट हवा, आणि ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून माईकला जाणारी वीज) चालू-बंद करताना तर नक्कीच. फँटमने तुमच्या डायनॅमिक माईकचं काही बिघडत नाही, पण धप्पकन येणाऱ्या आवाजाने स्पीकरचा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा भाग) जाऊ शकतो. गुणगुण येत असेल तर मिक्सर, स्पीकर आणि बेस-गिटारचे ॲम्प एकाच सॉकेटच्या लाइनवर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवणारे भेटतील. ते जिवावर बेतणारं आहे, कधीही करू नका.

उघड्यावर, गच्चीवर किंवा मैदानात वाजवणार असाल तर मात्र हिशेब बदलतो. परत आवाज देणाऱ्या भिंती नाहीत, टॉम आणि सिंबलही हवेत विरतात. तिथे सगळे माईक काढा आणि तेवढे चॅनल असलेला मिक्सर घ्या. ओव्हरहेड ३०० हर्ट्झखाली कापा, म्हणजे वर सांगितलेली १८० हर्ट्झची खोडाखोड फारशी उरत नाही. टॉमच्या माईकना गेट लावा. दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि त्याच्या वाद्यामधल्या अंतराच्या किमान तिप्पट असू द्या.

शेवटी ड्रमरचा मॉनिटर. त्याला स्वतःची किक थोडी, बेस, गाणं आणि ताल देणारं एक वाद्य द्या. स्नेअर आणि बाकी किट अजिबात नको, ते त्याच्या पुढ्यातच आहे. मॉनिटर स्नेअरच्या माईकच्या बहिऱ्या बाजूला ठेवा. माझ्या मते त्याच्यासाठी मॉनिटर स्पीकरपेक्षा कानात बसणारे इअरफोन आणि छोटा हेडफोन ॲम्प जास्त योग्य. स्टेजवरचा एक स्पीकर कमी होतो, माईकमध्ये कमी गळती होते आणि त्याचे कानही वाचतात. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. किटमागे बसणाऱ्याला १०० ओलांडायला वेळ लागत नाही. इअरफोन घेणं जमत नसेल तर संगीतकारांसाठी केलेले, सगळे सूर सारखे कमी करणारे इअरप्लग त्याला आणून द्या आणि साउंडचेकपासूनच घालायला सांगा. ते ऐन कार्यक्रमात पहिल्यांदा घातले तर त्याला किट हळू वाटतं आणि तो आणखी जोरात मारायला लागतो.